पाहिलेला बर्फ, ऐकलेलं तळं

जानेवारी संपत आला की आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दहावीची मुलं दिसू लागतात. कोवळ्या उन्हाकडे पाठ, मांडीवर नकाशाचं पुस्तक, आणि ओठांची नुसती पुटपुट. परवा तिसऱ्या मजल्यावरची मुलगी नकाशा भरताना अडली, तेव्हा तिच्या आईने तिला माझ्याकडे धाडलं. आफ्रिकेचा कोरा नकाशा होता. विषुववृत्त तिने पट्टीने आखलं होतं आणि त्या रेघेच्या जरा खाली एक लहानसा त्रिकोण काढला होता.

"आजी, इथे खरंच बर्फ असतो?"

"असतो. आता कमी होत चाललाय."

तिला तेवढं उत्तर पुरलं. ती त्रिकोणाला निळा रंग देत जिना उतरून गेली. मला मात्र त्या दिवसापासून दम्माममधला एक हिवाळा आठवतो आहे.

दम्मामला हिवाळा असतो म्हटलं तर इकडे कुणाला पटत नाही. वाळवंट म्हणजे ऊन, एवढंच लोक धरून चालतात. पण डिसेंबर-जानेवारीत तिथे उत्तरेचा वारा सुटतो आणि तो समुद्रावरची ओल घेऊन हाडात शिरतो. दोन दिवस पाऊस लागतो. रस्त्यांना गटारं नसल्यामुळे पाणी आठ-आठ दिवस चौकात साचून राहतं आणि त्यात नियॉनच्या पाट्या उलट्या दिसतात. पावसानंतर वाळवंटात जमिनीखाली फगा उगवतो. बटाट्यासारखी दिसणारी, मातीचा वास असलेली ही अळंबी. वाळवंटात तंबू ठोकून राहणारे बदू लोक ती पिकअपच्या मागच्या फळीवर मांडून रस्त्याच्या कडेला बसत. आम्ही साताऱ्याकडची माणसं, आम्हाला त्याचं अप्रूप फक्त बघण्यापुरतं. मी भारतीय शाळेत भूगोल शिकवत होते. हे रास तनुराच्या रिफायनरीत तंत्रज्ञ होते आणि गुरुवारी घरी येत. संसार शांत चालला होता.

त्या वर्षी ऑगस्टात इराकने कुवेत घेतलं. तेव्हापासून शहराचा आवाजच बदलला. दिवसभर लष्करी ट्रक उत्तरेकडे जात. लोक डब्यांतलं दूध, पाण्याच्या बाटल्या आणि चिकटपट्टी साठवू लागले. ज्यांना जमलं ते निघून गेले. पलीकडच्या कंपाउंडमधल्या एका इंग्रज कुटुंबाने जाण्याआधी घरातलं सामान अंगणात मांडून विकलं. यांनी तिथून विजेचा हीटर आणला. तो ज्या खोक्यातून आला, त्याच्या तळाशी एक जाड पुस्तक होतं. पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांचा आणि गवताळ प्रदेशाचा शोध युरोपियनांनी कसा घेतला, याची हकिकत. पहिली काही पानं नव्हती, त्यामुळे कुणी लिहिलं हे मला आजतागायत माहीत नाही.

आम्ही का थांबलो, हा प्रश्न पुढे नातेवाइकांनी खूप वेळा विचारला. थांबलो, कारण यांना सुट्टी मिळाली नाही. यांना सोडून जायचं मला सुचलं नाही. यापलीकडे त्यात काही नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर जुबेदाभाभी राहायच्या. हर्णैच्या. त्यांचे मालक इब्राहिमभाई जनरेटर आणि पंप दुरुस्त करायचे. एका कंत्राटदाराकडे होते आणि कामासाठी बहुतेक खफजीला, कुवेतच्या सरहद्दीजवळच्या गावी असायचे. त्यांची मुलगी नसरीन दहावीत, माझ्याच वर्गात. उंच, जरा पुढे झुकून चालणारी. घरात आई मराठीत बोलायची आणि ही हिंदीत उत्तर द्यायची. दोघींनाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

युद्ध सुरू झालं तसं खफजीवर तोफगोळे पडले आणि गाव रिकामं झालं. इब्राहिमभाई घरी आले. शाळा बंद झाली. खालच्या घराच्या मध्यभागी एक बिनखिडकीची खोली होती. तिच्या दाराच्या फटींना आम्ही पट्ट्या लावल्या, उंबऱ्याशी ओला टॉवेल ठेवला, आणि संध्याकाळी भोंगा वाजला की इमारतीतली सगळी मुलं-बायका तिथे जमत. क्षेपणास्त्र कुठे पडलं ते नंतर कळायचं. आधी नुसता भोंगा, मग काचांची थरथर, मग दुसरा भोंगा होईपर्यंतची शांतता. या शांततेत मुलांना काहीतरी हवं असायचं. मी एकदा ते जाड पुस्तक घेऊन खाली गेले.

पहिल्या संध्याकाळी मी त्यांना छत्रीवाल्या मिशनऱ्याची गोष्ट सांगितली. हा जर्मन माणूस दीडशे-एक वर्षांपूर्वी मोंबासाच्या किनाऱ्यावरून आत चालत गेला. हातात छत्री, सोबत थोडे हमाल आणि एक वाटाड्या. काटेरी झुडपं ओलांडून, उंच गवतातून वाट काढत ते जात असताना एका सकाळी समोरच्या डोंगराच्या माथ्यावर त्याला पांढरं ढगासारखं काही दिसलं. ढग हलतो, हे हलेना. त्याने वाटाड्याला विचारलं, ते काय? वाटाड्या म्हणाला, ते काय आहे मला नाही ठाऊक, पण ते 'बरीदी' असतं. म्हणजे थंड.

"बारिद!" तीन-चार मुलं एकदम ओरडली. बकालात, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, थंड पाणी मागायचं तर मोया बारिद म्हणायचं, हे तिथल्या लहानात लहान पोरालाही माहीत होतं. किनाऱ्यावरच्या अरब व्यापाऱ्यांबरोबर शब्द आफ्रिकेत गेला, आणि जो पदार्थ वाटाड्याच्या भाषेत नव्हता त्याला त्याने हा शब्द चिकटवला.

मिशनऱ्याने युरोपला कळवलं की विषुववृत्ताजवळ बर्फाचा डोंगर आहे. लंडनमध्ये एक विद्वान गृहस्थ होते. आफ्रिकेच्या भूगोलावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई, पण त्या डोंगराच्या आसपासही ते कधी फिरकले नव्हते. त्यांनी जाहीर करून टाकलं की हे अशक्य आहे, पांढरा खडक असेल, नाहीतर त्या बिचाऱ्याची नजर अधू असेल. पुढची कितीतरी वर्षं लोकांनी विद्वानाचं मानलं.

"मिस," नसरीन म्हणाली, "उसने तो देखा था ना? फिर क्यों नहीं माना?"

"पुस्तकात बसत नव्हतं म्हणून."

पुढच्या संध्याकाळी आम्ही पुढे गेलो. एक जर्मन सरदार भूगर्भशास्त्रज्ञ बरोबर घेऊन आला, उपकरणं लावून त्याने डोंगर मोजला, आणि एका पहाटे वरच्या उतारावर ताजा बर्फ पडलेला पाहिला. मग वनस्पती गोळा करणारे आले. त्यांना दिसलं की पायथ्याच्या केळीच्या बागांपासून माथ्यापर्यंत जाताना जणू अर्धी पृथ्वी ओलांडावी लागते. आधी दमट जंगल, मग झुडपं, मग ओसाड माळ. त्या माळावर माणसापेक्षा उंच झाडं. दिवसा त्यांची पानं उघडतात आणि रात्रीच्या गारठ्यात कोंबाभोवती मिटून घेतात. पाणी किती अंशावर उकळतं यावरून उंची कशी काढायची, हे मी भाभींच्या स्टोव्हकडे बोट करून समजावलं. भाभी म्हणाल्या, "म्हंजे वर चाय लवकर उकलल? आणि चव?" चवीबद्दल पुस्तकात काही नव्हतं.

सगळ्यात लाडका झाला तो स्कॉटिश भूगर्भशास्त्रज्ञ. मसाई लोकांच्या गवताळ प्रदेशातून एकटादुकटा परका जाऊ शकत नसे. हा तरुण तिथून गेला तो आपल्याला जादू येते असं भासवून. त्याचे दोन दात खोटे होते. ते तो काढून दाखवी आणि परत बसवी. मुलं इतकी हसली की दुसरा भोंगा कुणाला ऐकूच आला नाही. इब्राहिमभाईंचाही एक दात खोटा होता. त्यांनी तो काढून दाखवला. नसरीन "अब्बा, छी!" म्हणून आईच्या मागे लपली.

त्याच आठवड्यात कंत्राटदाराचा निरोप आला. खफजीत राहिलेले जनरेटर आणि पंप उतरवून आणायचे होते, एका खेपेत होईल असं काम. गाव रिकामं आहे, लढाई आणखी उत्तरेला आहे, असं त्याने सांगितलं. भाभी म्हणाल्या, "जाऊ नका." इब्राहिमभाई म्हणाले, "पासपोर्ट कफीलाकडं, मालकाकडं हाय. तो बोलला यल्ला, तर आपण काय बोलणार?" त्यांनी स्वेटर घातला, त्यावर जाकीट चढवलं आणि सकाळी पिकअपमध्ये बसून गेले. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. काचेवर मीच लावलेल्या पट्ट्यांमुळे पिकअपचे तुकडे-तुकडे दिसले.

इराकी रणगाडे खफजीत शिरले ती बातमी आम्ही रेडिओवर ऐकली. गाव रिकामं होतं असं निवेदक सांगत होता. भाभी रेडिओसमोर बसून होत्या. "रिकामा कसा?" एवढंच त्या म्हणाल्या.

दोन-तीन दिवसांत गाव परत घेतल्याची बातमी आली, पण इब्राहिमभाई आले नाहीत. यांनी रास तनुराहून फोन करून करून चौकशी केली. मी भाभींबरोबर पोलिसचौकीत गेले, इस्पितळांत गेले. सगळीकडे लोक सौजन्याने वागले. सगळीकडे एकच सांगितलं, त्या गावात त्या दिवशी साधी माणसं नव्हतीच. कंत्राटदाराचं दार बंद होतं. भाभी रडल्या नाहीत. त्या घरी आल्या, भात टाकला, मग गॅस बंद करून तशाच उभ्या राहिल्या.

मग हमजा आला. मलबारचा हा माणूस दम्मामहून उत्तरेच्या छावण्यांना भाजी पोचवायचा आणि आमच्या इमारतीखाली ट्रक लावायचा. भाभींनी ओळखीच्या प्रत्येकाला नवऱ्याचा फोटो दाखवला होता, तसा त्यालाही. त्या दिवशी तो दोन जिने धावत चढून आला होता.

"मैंने देखा! सफानियाके चेकपोस्टपे. मिलिटरी ट्रकमें बैठा था. कंबल ओढा था. हाथ हिलाया, दम्माम दम्माम चिल्लाया."

"हाच?" भाभींनी फोटो पुढे धरला.

"यही! यही दाढी. यही माफिक स्वेटर."

भाभींनी त्याला खाली बसवलं आणि जेवायला वाढलं. त्या दिवसापासून हमजा दिसला की त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हे ठरूनच गेलं. घरात पुन्हा फोडणीचा वास येऊ लागला. पोलिसांना सांगितलं, तर त्यांनी मान हलवली. सफानियाहून, खफजीच्या दक्षिणेच्या त्या गावाहून, आलेल्या लोकांत असं नाव नव्हतं. यांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, "फार आशा लावू नकोस त्यांना." पण आशा कुणी लावली नव्हती. ती त्यांनी स्वतः घेतली होती, ताटाबरोबर.

नसरीन मला जिन्यात म्हणाली, "मिस, पुलिसवाले वो लंडनवाले हैं. हमजाने देखा है."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

त्या दिवसांत आकाश बदलू लागलं होतं. उत्तरेला तेलविहिरी पेटल्या होत्या. वारा तिकडून असला की दुपारी चारला संध्याकाळ होई आणि दोरीवरच्या कपड्यांवर काळे ठिपके पडत. संध्याकाळचे वर्ग चालूच होते, पण नसरीनने पुस्तक घरी नेलं होतं. परीक्षा होणार की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून अभ्यासाऐवजी ती तेच वाचायची. एकदा भोंगा होऊन सगळे खोलीत बसलो असताना ती पुस्तक उघडं धरून माझ्या शेजारी येऊन बसली.

"मिस, आपने तलाव का नहीं बताया."

पानावर एक नकाशा होता. पूर्व आफ्रिकेच्या पोटात पसरलेला एक अवाढव्य समुद्र, एखादी गोगलगाय झोपावी तसा. त्याच मिशनऱ्याने आणि त्याच्या सोबत्याने तो आखायला लावला होता. आतून येणाऱ्या व्यापाऱ्यांना ते विचारत, तुमच्या वाटेवर काय लागतं? एक म्हणे, मोठं पाणी. दुसरा वेगळ्या वाटेने आलेला, तोही म्हणे मोठं पाणी. तिसराही तेच. या दोघांनी तिन्ही पाणी जोडून एक समुद्र केला. प्रत्यक्षात ती वेगवेगळी तळी होती, एकमेकांपासून कितीतरी दूर.

"वही आदमी," नसरीन हळूच म्हणाली. तिची आई समोरच बसली होती. "बर्फ सही था. ये गलत."

"व्यापारी खोटं बोलले नव्हते," मी म्हटलं. "ज्याने जे पाहिलं तेच सांगितलं. जोडताना चुकलं."

तिने त्या गोगलगाईच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तिने आईकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. आईला ते पान तिने कधी दाखवलं नाही. तिच्या वयाच्या मुलीने असं ठरवावं, हे मला तेव्हा जेवढं मोठं वाटलं त्यापेक्षा आज जास्त वाटतं. पुढचे कितीतरी दिवस ती हमजाला स्वतः वाढायची, त्याचं तेच वर्णन पुन्हा ऐकायची आणि मधेच आईला म्हणायची, "देखा, अम्मी?"

इब्राहिमभाई एका दुपारी आले. बदूच्या पिकअपमधून, दोन शेळ्यांच्या मध्ये बसून. मी वरून आधी शेळ्या पाहिल्या. मग दोन्ही पायांना चिंध्या गुंडाळलेला माणूस उतरला आणि पिकअपच्या कडेला धरून उभा राहिला. भाभी जिन्यात होत्या. त्यांनी हाक मारली नाही. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि पदर तोंडात धरला. नसरीन धावत गेली, अब्बाच्या छातीवर डोकं आपटत राहिली. इब्राहिमभाई म्हणत होते, "हलू, हलू, पाय." बदू खाली उतरायला तयार नव्हता. भाभींनी निरोप धाडून चहा विचारला, तर त्याने उलट खिडकीतून फग्याची पिशवी खाली सोडली, खलास, म्हणजे झालं, पुरे, म्हणून हात उडवला आणि गेला.

हकिकत अशी होती. रणगाड्यांचा आवाज ऐकून इब्राहिमभाई आणि त्यांच्या बरोबरचे लोक चारी दिशांना पांगले. त्यांच्या चपला खोलीत राहिल्या, इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाही तिथेच. ते पश्चिमेला वाळवंटात चालत गेले. खारवट जमिनीने पाय फाटले. इकामा नाही, तेव्हा चेकपोस्ट दिसला की ते लांबून वळसा घ्यायचे. ताप भरला तेव्हा शेळ्यांच्या कळपापाशी पडले, आणि त्या म्हाताऱ्या बदूने त्यांना तंबूत नेलं. आजूबाजूला सैन्य होतं म्हणून तोही हलू शकत नव्हता. ते तिथे पडून राहिले, उंटिणीचं दूध प्यायले आणि निखाऱ्यात भाजलेला फगा खाल्ला. "बटाट्यासारखा लागतो," ते म्हणाले, "मीठ जादा होता जरा."

नसरीनची परीक्षा उशिरा का होईना झाली. ती आता अबुधाबीला क्ष-किरणांची डॉक्टर आहे. ईदला फोन करते आणि अजून मला मिस म्हणते. इब्राहिमभाई हर्णैला परतले, तिथे पंपांचं दुकान काढलं. काही वर्षांपूर्वी झोपेत गेले. आम्ही त्यानंतरही दम्मामला बरीच वर्षं काढली. एका बदलीत ते पुस्तक कुठेतरी राहून गेलं.

पण मला आठवते ती इब्राहिमभाई घरी आले त्यानंतरची दुसरी दुपार. आकाश धुरकट होतं, दिवे लागले होते. भाभींनी हमजाला मुद्दाम बोलावून आणलं होतं. बिर्याणी केली होती. तो हसत आत आला, आणि गादीवर पाय लांब करून बसलेल्या इब्राहिमभाईंना बघून थबकला.

"ये वो नहीं है," तो म्हणाला.

"अरे, असा कसा?" भाभी हसल्या. "आता बारीक झाले म्हणून."

"नहीं भाभी. वो दूसरा था." त्याचा चेहरा उतरला. तो इब्राहिमभाईंच्या समोर उकिडवा बसला आणि नीट निरखून म्हणाला, "माफ करना. मैं समझा... दाढी ऐसीच थी."

"मी मिलिटरीच्या ट्रकात बसलोच नाय कधी," इब्राहिमभाई म्हणाले. त्यांना काही ठाऊकच नव्हतं. नसरीनने मान खाली घातली. मला वाटलं, आता भाभी कोसळतील किंवा हसत सुटतील. माणूस घरी आलेला होता. ज्या आधारावर त्यांनी इतके दिवस काढले तो मुळात नव्हता, याने आता काय बिघडणार होतं?

भाभी परात हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी ती खाली ठेवली.

"मग तो कोण होता?"

हमजाने खांदे उडवले. "मालूम नहीं. कोई अपना आदमी. हिंदुस्तानी."

"दम्माम दम्माम ओरडला?"

"हाँ. मेरी तरफ देखके."

"त्याने तुला सांगितलं," भाभी म्हणाल्या. "घरी सांग म्हणून सांगितलं. आणि ते आपण आपल्या घरात घेतलं."

इब्राहिमभाई म्हणाले, "जुबेदा, बस जरा. जेवूया." पण भाभींनी बाहेर जाताना घालायचा काळा अबाया खुंटीवरून काढला होता. हमजाला त्यांनी जेवायला बसवलं, नसरीनला वाढायला सांगितलं, आणि मला म्हणाल्या, "बाई, तुम्ही येता? मना हिंदी धड येत नाय." मी चपला शोधेपर्यंत त्या जिना उतरून रस्त्यावर पोचल्याही होत्या.

समोरच्या इमारतीत बहुतेक आंध्रची आणि बिहारची माणसं राहत. भाभींनी पहिलं दार वाजवलं. बनियन घातलेल्या एका माणसाने ते अर्धवट उघडलं. आत आणखी चार-पाच जण जेवत होते, त्यांनी हात थांबवून पाहिलं.

"तुम्हारे में कोई आदमी उत्तरको गया हुआ है क्या," भाभींनी विचारलं, "जिसका खबर नहीं?"